मॅडमच्या गाडीचा पंखा

वच्छला मॅडमची गाडी दुकानापुढं थांबली की आमचे हे आधी हात धुवायचे. ट्रकवाला आला तर काळ्या हातानंच त्याची बिडी घेणारा माणूस; पण ती पांढरी लहान गाडी दिसली की साबण लागायचा. मी आत बसून डायनॅमोची तार गुंडाळत असायचे आणि त्या फेसाकडं बघायचे. जेवायला बसताना एवढा फेस आमच्या मोरीनं कधी पाहिला नाही.

ह्यांचं नाव मल्हारी. सांगायचं म्हणून एकदा घेतलं, पुन्हा घेणार नाही. आम्हा दोघांच्याही घरी मेंढरं. ह्यांनी जवानीत काठी टाकली, ट्रकांच्या गॅरेजात वायरिंग शिकले, आणि मी ह्यांच्याकडं बघून बघून शिकले. चिकलठाण्याला कंपन्या वाढत चालल्या होत्या, जालना रोडला मालाच्या गाड्यांची रीघ असायची. त्या रोडला कारभारी भाऊंनी आपल्या शेताच्या कडेनं गाळे बांधले होते, त्यातल्या एकात आमचं दुकान. शेजारी पंक्चर काढणारा कडुबा, आणि टोकाला कारभारी भाऊंचंच चहाचं हॉटेल.

नामांतराचा निकाल लागायच्या आधीचा तो हिवाळा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं का नाही, यावरून गावोगावी घरं जळून कितीतरी वर्षं झाली होती, तरी आज एकांचा मोर्चा, उद्या दुसऱ्यांचा बंद, असं चालूच होतं. मॅडम कॉलेजात शिकवायच्या. नामांतराच्या मोर्चात पुढं असायच्या, गाडीच्या काचेला निळी पट्टी होती. गाडी स्वतः चालवायच्या आणि एकट्या राहायच्या. मला टोचलं ते शेवटचं.

गाडीची तक्रार एकच होती. पळती असली की ठीक. गर्दीत, मोर्चात, फाटकाला उभी राहिली की पाणी उकळायचं. जुन्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, इंजिन चालू तर पंखा चालू. ही नव्या जमान्याची गाडी, हिचा पंखा विजेवर. पाणी तापलं की एक स्विच आपला आपण करंट सोडतो, पंखा फिरतो, पाणी निवलं की थांबतो. मॅडमच्या गाडीत पाणी तापायचं आणि पंखा हाताची घडी घालून बसायचा.

हे आधी पंख्याच्या वायरीचा जोड उपटायचे आणि बॅटरीवरून सरळ करंट द्यायचे. पंखा भिंगरीसारखा. म्हणजे मोटार चांगली. मग इंजिन तापवून जोडाच्या तोंडाला बल्ब लावायचे. बल्ब लख्ख. म्हणजे करंट येतोय. जोड परत बसवायचा, इंजिन पुन्हा तापवायचं, आणि पंखा अगदी वेळेवर सुरू.

"तुमच्याकडं आली की बरोबर चालते बघा," मॅडम म्हणायच्या.

हे हसायचे. हसताना ह्यांचा तुटका दात दिसतो. तो दिसू नये म्हणून हे लग्नाच्या फोटोतसुद्धा हसले नव्हते, असं मला सांगितलं होतं.

आठवडा गेला की गाडी परत दारात. फ्यूज बदलला, स्विच बदलला, परत दारात. दर वेळी खुर्ची, दर वेळी चहा, आणि दर वेळी 'जरा फिरवून बघतो' म्हणून दोघं गाडीत बसून विमानतळापर्यंत. मी तार गुंडाळता गुंडाळता विचार केला. बोनेटमध्ये डोळे झाकून हात घातला तरी ज्याला ट्रकची तुटकी वायर सापडते, त्याला हा एवढा पंखा सापडेना? सापडायचाच नसेल. पंखा बरा झाला तर मॅडम कशाला येतील?

एक दिवस त्या गेल्यावर मी रिकामे कप द्यायला हॉटेलात गेले. कडुबा बाकावर बसलेला. म्हणाला, "काय वहिनी, आज मॅडमचा मुक्काम लई लांबला?"

माझा तोल गेला. "आता बास झालं," मी म्हणाले. "त्या बाईची गाडी आमच्या दुकानात परत यायला नको. मी सांगते ना, नको म्हणजे नको!"

गल्ल्यावरून कारभारी भाऊ माझ्याकडं बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः दुकानात आले. मागं तीन-चार माणसं.

"वहिनी, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "आम्ही गडी माणसं नुसती कुजबुजत होतो, तुम्ही बाई असून तोंडावर बोललात. आता ठरलं. ह्या गाळ्यांत त्या लोकांची एकपण गाडी घ्यायची नाय. सगळ्यांना सांगितलंय मी, बानावहिनीनं सुरुवात केली म्हणून."

कुठले लोक, ते मला आधी कळेचना. मी तर एका बाईबद्दल बोलले होते. मग गाडीच्या काचेवरची निळी पट्टी आठवली आणि कळलं. माझं जळणं माझ्या चुलीपुरतं होतं, घरगुती. ह्या माणसानं ते उचलून आपल्या झेंड्याच्या काठीला बांधलं होतं. तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं. पण चार गड्यांपुढं काय सांगू, की मी नवऱ्यावरून जळते? आणि आतून एक मन म्हणतच होतं, होऊ दे की. बाई आता येणार नाही. तुला दुसरं काय पाहिजे होतं?

ते लोक गेल्यावर ह्यांनी विचारलं, "तू असं म्हणालीस?"

"म्हणाले."

"आपले बाप मेंढरं घेऊन फिरायचे, तवा कुणी हिरीवर येऊ दिलं नाय. इसरलीस व्हय?"

म्हणजे ह्यांनाही तेच वाटलं! त्या बाईपायी मी जळून कोळसा झाले, ते ह्यांच्या डोक्यातही आलं नाही. मला त्याचाच जास्त राग आला. मी म्हणाले, "तुमचं तुम्हीच वळखा," आणि तारेला बसले.

आठ दिवसांनी रास्ता रोको होता. पुढं मुकुंदवाडीकडं रस्ता अडला आणि आमच्या दारापर्यंत गाड्या तटल्या. त्या रांगेत, नेमकी हॉटेलासमोर, पांढरी गाडी. बघता बघता बोनेटमधून वाफ निघाली. मॅडम उतरल्या. आमच्या दुकानाकडं त्यांनी बघितलं आणि मान वळवली. म्हणजे त्यांच्याही कानावर गेलं होतं. बाटली घेऊन त्या हॉटेलाकडं गेल्या.

"थोडं पाणी मिळेल का? रेडिएटरला पाहिजे."

"पाणी संपलंय," कारभारी भाऊ म्हणाले. समोर रांजण तोंडापर्यंत भरलेला, त्याच्यावर तांब्या पालथा.

मॅडम रिकामी बाटली घेऊन गाडीपाशी परत आल्या आणि टेकून उभ्या राहिल्या. हे हातात पाना धरून दुकानाच्या पायरीवर उभे, माझ्याकडं बघत. आमच्या दुकानाचा शब्द आता माझा होता ना.

मी बादली उचलली. फार मोठं मन करून निघाले असं कुणी समजू नये. आठ दिवस डोक्यात एकच घोळत होतं. गाडी हाकलून दिली तर हे जन्मभर तिच्यासाठी हळहळत बसतील. गाडी कायमची बरी झाली तरच ती बाई खरी जाईल. आणि तो पालथा तांब्या बघून मला माझ्याच तोंडचा 'नको' ऐकू आला. तो असा दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

"मॅडम, ढकला," मी म्हणाले. "कडुब्या, बघतोस काय, लाव हात. दुकानात घ्यायची."

कारभारी भाऊ गल्ल्यावरून उठून आले. "वहिनी, तुम्हीच तर म्हणल्या होत्या."

"म्हणले होते. माझ्या नवऱ्यावरून म्हणले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्या बाई आल्या की आमचं माणूस साबणानं हात धुतं, म्हणून म्हणले होते! मी जळते, जळते मी! बाईवर बाई जळती तशी. त्यात तुमचं नामांतर कुठून आणलंत?"

अडकलेल्या टेम्पोतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. कडुबानं तोंडावर हात धरला. ह्यांच्या हातातला पाना खाली पडला. मॅडम माझ्याकडं बघत होत्या, आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं, पण हात गाडीला लावलेला, सोडणार कसा?

"गाळा माझा हाय, वहिनी," कारभारी भाऊ हळू आवाजात म्हणाले.

"गाळा तुमचा, नवरा माझा. भांडण त्याच्यावरून हाय. तुम्ही मधी येऊ नका."

गाडी दुकानात आली. बोनेट उघडलं. "झाकण उघडू नका, तोंड भाजंल!" हे ओरडले, आणि नेहमीसारखा जोड उपटायला वाकले.

"थांबा," मी म्हणाले. "दर वेळी आधी तेच उपटता. आज चावी चालू ठेवा आन कशालाच हात लावू नका."

पाणी उकळत होतं, चावी चालू होती, म्हणजे आता पंखा फिरायलाच पाहिजे होता. फिरत नव्हता. मी वाकले. वाफेचा वास, तापल्या रबराचा वास, आणि त्यात आणखी एक. तेल जास्त तापल्यावर फोडणीत हळद पडली की येतो तो. जळक्या हळदीचा. गाडीत हळद कुठली? मी नाक घेऊन त्या वासामागं गेले. पंख्याच्या वायरीच्या जोडाला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. जोड तव्यासारखा तापला होता.

"हितं हाय," मी म्हणाले.

ह्यांनी चावी बंद करून जोड उघडला. आत पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज, आणि त्याच्याभोवती पिवळा, करपलेला लगदा.

"भंडारा," हे पुटपुटले.

चंपाषष्ठीला दुकानात आम्ही तळी उचलतो. इथल्याच सातारा गावच्या खंडोबाचा भंडारा येतो, दारात उभ्या असतील त्या गाड्यांना लावतो, नारळ फोडतो. त्या दिवशी मॅडमची गाडी हेडलाइटसाठी आली होती, बोनेट उघडंच होतं. ह्यांनी येळकोट म्हणत आत उधळला, वरून नारळाचं पाणी शिंपडलं. हळद आणि नारळाचं पाणी जोडात शिरलं, आणि गंज धरला. बल्बला थोडा करंट पुरतो, म्हणून तो लागायचा. पंख्याला लई लागतो, तो त्या गंजातून जाईना, नुसता जोड तापवायचा. आणि हे तपासायला जोड उपटायचे, तेव्हा पट्ट्या घासल्या जायच्या, म्हणून परत बसवला की आठवडाभर चालायचं. ह्यांच्या तपासण्यानंच खोट लपत होती. मी नवऱ्याला लबाड समजत होते, तो नुसता घाईचा निघाला.

तरी माझं समाधान होईना. "बाकीच्या गाड्यांना बोटभर टिळा, आन हिला मूठभर?" मी विचारलं.

हे खाली बघत म्हणाले, "बाई एकटी मोर्चात गाडी घालती. कोण कवा दगड टाकील... देव असावा म्हणलं संगं."

मी पॉलिश पेपर घेतला आणि पट्ट्या घासायला लागले. जरा जोरातच घासल्या. जुनी टोकं कापून नवी लावली, कथलाचा डाग दिला, आणि जोडाचं तोंड खाली करून बांधलं, म्हणजे पुढच्या वर्षी देवानं कितीही कृपा केली तरी आत शिरणार नाही. पाणी निवल्यावर रेडिएटर भरला, इंजिन चालू केलं, आणि पाणी तापायची वाट बघत उभे राहिलो.

मॅडम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मला वाटायचं, तुम्ही जातीवरून तोंड फिरवता," त्या म्हणाल्या.

"नाय हो. साधं बाईवरून."

त्या आधी हळू हसल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बऱ्याच वर्षांत माझ्यावर असं साधं कुणी जळलं नव्हतं, बानाबाई."

त्यांच्या कानाशेजारचे केस पिकायला लागले होते. इतके दिवस गाडीकडं आणि ह्यांच्याकडं बघण्यात माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. तेवढ्यात खट् आवाज झाला आणि पंखा आपला आपण फिरायला लागला. गरम वारा आमच्या दोघींच्या तोंडावर आला. हे लहान पोरासारखे टाळी वाजवून हसले, तुटक्या दातासकट.

रस्ता सुटला होता. गाडीत बसता बसता मॅडम थांबल्या. कारभारी भाऊ रांजणाजवळ उभे राहून बघत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मॅडमनी मला विचारलं, ह्यांना नाही, मला: "आमच्या कॉलेजातल्या आणखी दोघींच्या गाड्या आहेत. आमच्याच वस्तीतल्या. आणू का इथं?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. कडुबा, टेम्पोवाला, कारभारी भाऊ. हे तर श्वास धरून.

"आणा की," मी त्याहून मोठ्यानं म्हणाले. "पर आधी सांगा, लगीन झालंय का दोघींचं?"

"एकीचं झालंय."

"मग दुसरीची गाडी मी बघीन."