डाव्या डिकीवरचा खड्डा

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत, तर ही स्कूटर चाळिशी ओलांडून बसली आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही. अंगावर ओरखडा नाही की गंजाचा ठिपका नाही. राखाडी रंग असा तुळतुळीत, की त्यात बघून भांग पाडावा. रविवारी सकाळी माटुंग्याच्या बागांपाशी जुन्या स्कूटरींची हौस असलेली मंडळी जमतात. तिथं लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि "काय ठेवलीय गाडी!" म्हणतात. मी ऐकून घेते. ऐकून घेण्यावाचून आम्हा गाड्यांना दुसरं येतं तरी काय? पण आज मात्र सांगायला बसले आहे, कारण तुमच्याकडे माझं एक काम आहे. काम तसं एवढंसं आहे, पण ते माझ्याच्यानं होत नाही.

माझा मालक भिवा तांबे. महापालिकेच्या पाणी खात्यात कारकून, राहायला करी रोडच्या चाळीत. त्या काळी स्कूटर अशी दुकानात जाऊन उचलून आणता यायची नाही. नाव नोंदवायचं आणि वाट बघत बसायचं. भिवानं नाव नोंदवलं तेव्हा तो सडाफटिंग होता. मी आले तोवर त्याचं लग्न होऊन घरात कांता आली होती, आणि चाळीतली पोरं "भिवाकाकांची स्कूटर आली का?" असं विचारून त्याची थट्टा करून थकलीही होती. शोरूममधून त्यानं मला घरी न नेता आधी थेट दादरला चैत्यभूमीवर नेलं. दोघं हात जोडून उभे राहिले. कांतानं केसातलं चाफ्याचं फूल काढून माझ्या हँडलला अडकवलं. मग करी रोडला आलो, तर अख्खी चाळ खाली उतरलेली! त्या दिवशी पोरांनी माझा हॉर्न इतका वाजवला की माझा घसाच बसला.

माझ्यात एक खोड होती, ती लपवत नाही. सकाळी एका किकमध्ये सुरू व्हायचं मला जमायचं नाही. रात्रभर उभं राहिलं की पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचायचं नाही. मग भिवा मला स्टँडवरून उतरवायचा आणि एका बाजूला पार जमिनीला टेकेन इतकी झुकवायचा. क्षणभर तशीच धरायचा, सरळ करायचा आणि किक मारायचा. की मी खोकत खोकत जागी व्हायचे. "हिला रोज वाकून नमस्कार करायला लागतो, मग ही प्रसन्न होते," असं तो कांताला सांगायचा. पुढं माझा मूळचा राखाडी रंग उडाला, तेव्हा चाळीच्या कठड्यांना लावून उरलेला पोपटी रंग त्यानं ब्रशनं स्वतः मला फासला. ब्रशाचे दोन केस शेवटपर्यंत माझ्या पाठीला चिकटून होते. दिसायला मी अवतार होते, पण भिवा मला लालबागच्या गर्दीतही लांबून ओळखायचा.

आता त्या खड्ड्याची गोष्ट. परळच्या पेट्रोल पंपावर एकदा कांता खाली उतरली. टाकी भरली, भिवानं किक मारली आणि निघाला. कांताच्या भावाच्या लग्नात कुणाचे मानपान राहिले, यावर तो रस्ताभर तावातावानं बोलत होता. दादरच्या सिग्नलला थांबून म्हणाला, "काय गं, आज अगदी गप्प?" शेजारचा टॅक्सीवाला खो खो हसायला लागला, तेव्हा कुठं त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

उलटा फिरून पंपावर आला, तर कांता पिशवी धरून तिथंच उभी.

"पोचलात दादरला?" तिनं विचारलं.

"अगं, मला वाटलं तू बसलीस."

"वाटलं म्हणे! आता नीट ऐका. मी बसले की या डिकीवर टाचेनं दोनदा वाजवीन. वाजलं की निघायचं. नाही वाजलं, तर आभाळ कोसळलं तरी क्लच सोडायचा नाही."

"बरं बाई. पण चाळीत बोलू नको कुणाला. जगू द्यायचे नाहीत मला."

"नाही बोलत."

आणि मित्रांनो, खरंच दोघांनी ती गोष्ट कुणापाशी काढली नाही. त्या दिवसापासून कांता साडी सावरून एका बाजूला बसायची, पिशवी मांडीवर घ्यायची आणि डाव्या डिकीवर टाचेनं वाजवायची. टक टक. मग भिवा क्लच सोडायचा. बाजार, दवाखाना, चौदा एप्रिल, नातलगांची लग्नं, सगळीकडे आम्ही त्या टक टकवर निघालो. टाच नेहमी एकाच जागी पडून तिथला रंग उडाला आणि पत्रा हळूहळू आत गेला. तळहात मावेल असा खड्डा पडला. मला त्याचा फार अभिमान होता.

त्यांची मुलगी अक्षता लहान असताना पुढं उभी राहायची, भिवाच्या गुडघ्यांच्या मधे. केस वाऱ्यावर, बोट हॉर्नवर. पुढचं सगळं जग तिला माझ्यावरूनच दिसलं. पण मागं काय चालतं, ते तिला कधी दिसलं नाही, आणि इंजिनाच्या आवाजात ऐकूही आलं नाही. एवढं लक्षात असू द्या.

कांता आजारी पडली. परळच्या इस्पितळात तिला अखेरचं नेलं तेही माझ्यावरूनच, कारण टॅक्सीत तिला मळमळायचं. त्या दिवशी तिची टाच इतकी हलकी वाजली, की माझं मलाच जेमतेम कळलं. भिवाला मात्र कळलं. त्यानं क्लच असा सोडला, की मी पाण्यावरून जावं तशी निघाले.

ती परत आली नाही. काही दिवसांनी भिवा सकाळी खाली आला. मला झुकवलं, सुरू केलं, वर बसला आणि मान जराशी डावीकडे कलती करून थांबला. मीही थांबले. बराच वेळ माझं इंजिन नुसतंच धडधडत राहिलं. मग त्यानं मला बंद केलं, स्टँडवर लावलं आणि तो जिना चढून गेला. पुन्हा कधी चालवलं नाही. चाळीतले म्हणाले, "वय झालं आता, गुडघे दुखत असतील." खरं कारण मला माहीत होतं. पण सांगणार कशी?

पुढं चाळ पाडली आणि तिथं टॉवर उभा राहू लागला. मला शीवला एका नातलगाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. वर ताडपत्री टाकली, ती कुणी उचलून पाहिली नाही. चाकांतली हवा गेली, टाकी आतून गंजली, डिकीत उंदरांनी संसार थाटला. मी कुढत होते असं म्हणणार नाही. वाट बघणं मला नवीन नव्हतं.

एक दिवस ताडपत्री उठली. समोर अक्षता! आता ती परळला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करते आणि जुन्या स्कूटरींचं तिला वेड आहे. सोबत तिचा मित्र उन्मेष होता. कुठल्या सालच्या गाडीला कुठला दिवा, कुठला स्क्रू, हे त्याला तोंडपाठ. तो माझ्याभोवती फिरत होता आणि अक्षता माझ्या फाटक्या सीटवर हात ठेवून त्याला सांगत होती.

"पप्पा विसरायला लागलेत रे. कधी कधी मला ताई म्हणतात. रोज सकाळी विचारतात, गाडी कुठाय माझी, कांता खाली उभी असेल. आई गेली असं खरं सांगितलं एकदा, तर नव्यानं रडले. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. आता नाही सांगत. आईला तर आणू शकत नाही मी. पण गाडी आहे ना! ती एकदा चालवली त्यांनी, तर निदान तेवढा वेळ तरी..."

"टेन्शन नको घेऊ," उन्मेष म्हणाला. "एकदम ओरिजिनल करू. शोरूममधून काकांनी काढली ना, डिट्टो तशी."

मित्रांनो, त्या दोघांनी माझ्यासाठी जे केलं त्याला तोड नाही. सुट्टीचा एकही दिवस त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. चोर बाजार पालथा घालून जुना दिवा मिळवला. टाकी धुतली, इंजिन उघडलं, वायरी बदलल्या. माझा प्रत्येक नट हातात घेऊन पुसला. मग डेंटिंग-पेंटिंगला परळच्याच एका गॅरेजात नेलं. पॉलिश पेपर फिरला तसा पोपटी रंग ब्रशाच्या केसांसकट गळून पडला. तोवरही माझं काही म्हणणं नव्हतं. पण पेंटरनं डाव्या डिकीवर हात फिरवला आणि तो खड्ड्यापाशी थांबला.

"मॅडम, हा खड्डा?"

अक्षता वाकली. तिनं खड्ड्यात तळहात ठेवला. तो बरोबर मावला. वाटलं, आता कळेल. आता हिला नक्की कळेल.

"पप्पांनी ठोकली असेल कुठंतरी," ती हसून म्हणाली. "काढून टाका."

आतून हातोडी बसली. वरून पुट्टी भरली, घासली, रंग मारला. मी मूग गिळून उभी राहिले, असंही म्हणता येत नाही, कारण गप्प बसायचं की बोलायचं, हे माझ्या हातात कधी नव्हतंच.

ठरलेल्या रविवारी मला करी रोडला, चाळीच्या जागी झालेल्या टॉवरच्या आवारात उभं केलं; भिवा आणि अक्षता आता तिथंच राहत होते. उन्मेषचे दोन-चार दोस्त आपापल्या स्कूटरी घेऊन आले होते. लिफ्टमधून अक्षता भिवाला घेऊन आली. किती वाळला होता! इस्त्रीचा शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

"कुणाची ही?" त्यानं विचारलं.

"पप्पा, तुमची!"

"छे. माझी पोपटी आहे." तो माझ्या मागं, खांबांमागं, दुसऱ्या गाड्यांमागं बघत राहिला. "कुठं लावली कुणी? कांता खाली आली असेल."

अक्षताचा चेहरा उतरला. मी त्याच्यासमोर होते, हाताच्या अंतरावर, आणि तो मला शोधत होता. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकं पांगळं कधी वाटलं नाही.

दमला म्हणून त्यानं आधाराला माझं हँडल धरलं. हात तिथंच थांबला. दुसरा हात आपसूक सीटखाली गेला. त्यानं मला स्टँडवरून उतरवलं आणि एका बाजूला झुकवायला लागला.

"काका, काका! पडेल, रंग जाईल!" उन्मेष धावला.

"थांब!" अक्षता ओरडली. "करू दे त्यांना."

आता मला झुकायची गरज उरली नव्हती. सगळं नवं होतं. तरी मी झुकले, पार पूर्वीसारखी. त्यानं क्षणभर धरलं, सरळ केलं, किक मारली. मी सुरू झाले. "झाली प्रसन्न!" भिवा म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षताच्या डोळ्यांना धार लागली होती. भिवा वर बसला. ती धावत येऊन मागं बसली, दोन्हीकडे पाय टाकून. उन्मेष हँडलला हात लावून बाजूनं चालायला तयार झाला. आवारातच एक फेरी, एवढंच ठरलं होतं.

"चला पप्पा!"

भिवानं क्लच दाबला होता. मान डावीकडे कलती झाली. तो थांबला.

"पप्पा, सोडा ना क्लच."

"थांब जरा. बसली नाही अजून."

"मी बसले ना! बघा, मी बसलेय."

"तू पुढं ये," भिवा म्हणाला. "तुझी जागा पुढं."

अक्षता हसली, मग रडली, मग तिनं उन्मेषकडे पाहिलं. उन्मेषनं खांदे उडवले. माझं इंजिन धडधडत राहिलं. भिवा ऐकत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. त्यानं मला बंद केलं आणि खाली उतरला. "उशीर झाला वाटतं तिला," म्हणाला आणि लिफ्टकडे निघाला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी हेच होतं. माटुंग्याहून आलो की अक्षता त्याला खाली आणते. तिला वाटतं, बोटांत जोर नाही म्हणून क्लच सुटत नाही. तिनं केबल बदलली, लिव्हर मऊ करून घेतला. मग उन्मेषनं क्लचच्या प्लेटा बदलल्या. गाडीत दोष नाही हो! किती वेळा मनात ओरडले असेन. पण माझ्या तोंडून निघतो तो फक्त धूर. गेल्या रविवारी भिवा खाली आला, पण मला झुकवायला त्याच्या हातांना जमलं नाही. अक्षतानं झुकवलं. असे आणखी किती रविवार उरलेत, ते मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. जुनी वस्तू नवी करायला घ्याल, तेव्हा हौसेनं करा, पण खड्डा बुजवण्याआधी तो कशानं पडला ते विचारा. सांगणारं माणूस शुद्धीत आहे तोवर विचारा.

आणि माझं काम एवढंच. रविवारी सकाळी करी रोडला कधी आलात, आणि एका टॉवरच्या आवारात राखाडी स्कूटर सुरू होऊन जागच्या जागी उभी दिसली, तर मागं बसलेल्या मुलीला माझा निरोप द्या. तिला म्हणावं, दोन्ही पाय डावीकडे घेऊन बस, तुझी आई बसायची तशी. काही बोलू नको. डाव्या डिकीवर टाचेनं दोनदा वाजव.

तो ऐकतोच आहे.