अंगठा आधी

दिल्लीतल्या द्वारकेच्या मराठी मंडळात बाबांनी मी 'मेडिकलला आहे' असं सांगून ठेवलं होतं. ते खोटं नव्हतं, म्हणजे खरंही नव्हतं. मी नर्सिंगच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि विषय होता मिडवाइफरी. गणपतीत एका काकूंनी फारच खोदून विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, "सुईण होतेय, काकू." बाबा प्रसादही न घेता घरी निघाले. केंद्र सरकारच्या कचेरीत एकतीस वर्षं फायली सरकवलेल्या माणसाला मुलीच्या हाताला बाळंतिणीचं रक्त लागतं याची लाज वाटत होती.

परीक्षेला बसायचं तर वीस बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करावी लागतात. प्रत्येकीची नोंद केसबुकात आणि खाली वॉर्डच्या सिस्टरची सही. वीस म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण फरीदाबादच्या आमच्या सरकारी हॉस्पिटलात एका टेबलाभोवती आम्ही सहा मुली आणि चार इंटर्न डॉक्टर असायचो. बाळाचं डोकं दिसलं की डॉक्टर पुढे, आम्ही कापूस धरायला. मग मुली एकच बाळंतपण तिघींच्या वहीत लिहायच्या. मी तसं केलं नाही. त्याचा मला फार ताठा होता, आणि त्या ताठ्यापायी मार्च आला तरी माझ्या एकोणीसच केसेस झाल्या होत्या. आठ दिवसांत वही जमा करायची, नाहीतर वर्ष गेलं.

प्रभा सिस्टर लेबर रूमच्या इन्चार्ज होत्या. मूळच्या अमरावतीच्या. मी मराठी आहे हे कळल्यापासून त्यांचा माझ्यावर जीव होता, डब्यातली अर्धी भाकरी माझी ठरलेली. "परक्या मुलखात आपलं माणूस आपणच बघायचं, बेटा," असं म्हणायच्या. मला ते खरं वाटायचं, एवढी मी मूर्ख होते.

लेबर रूमचा एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. बाळ झालं की ते आईसमोर धरायचं, पाय बाजूला करून दाखवायचं आणि विचारायचं, "क्या हुआ है, बोलो." आपण सांगायचं नाही. मुलगा की मुलगी ते आईनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, मग रजिस्टरवर तिचा अंगठा घ्यायचा. पुढे कुणी बाळ बदललं म्हणून ओरड करू नये, यासाठी ही सगळी उठाठेव.

त्या मंगळवारी दुपारी दोन्ही टेबलं भरली होती. माझ्यासमोर कमलेश होती, पलवलकडची, चोवीस वर्षांची, घरी दोन मुली. डॉक्टर दुसऱ्या टेबलाशी अडकले होते, त्यामुळे ही केस पूर्ण माझी होती. प्रभा सिस्टर रजिस्टर घेऊन आल्या.

"तनया, अंगठा आत्ताच घेऊन टाक. नंतर धावपळ होते."

"पण सिस्टर, अजून बाळच झालं नाही."

"अगं, सगळ्या असंच करतात. शेवटी सही कोणाची लागणार आहे तुला?"

मी कमलेशचा अंगठा शाईत बुडवला आणि कोऱ्या रकान्यात टेकवला. ती कळांनी तळमळत होती, आपण कशावर अंगठा देतोय हे बघायचीही तिला शुद्ध नव्हती.

दहा मिनिटांत मुलगी झाली. लगेच रडली. मी तिला कमलेशसमोर धरलं आणि विचारलं. कमलेशनं बघितलं, डोळे मिटले आणि काहीच बोलली नाही. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर मुलगा झाला, तिकडे रक्त थांबेना आणि मला हाक आली. ही बोलली नाही तर नाही, अंगठा होताच. मी रकान्यात 'मुलगी' लिहिलं आणि धावले.

संध्याकाळी कमलेशच्या सासूनं वॉर्ड डोक्यावर घेतला. "बहू कह रही है छोरा हुआ था. इन लोगों ने बदल दिया."

चौकशी बसली. मेट्रन मॅडमनी रजिस्टर डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्याच्या शाईवरून माझी अक्षरं गेलेली स्पष्ट दिसत होती. अंगठा आधी कोणी घेतला, असं त्यांनी विचारलं.

"स्टुडेंट ने, मैडम," प्रभा सिस्टर म्हणाल्या. "मैं तो दूसरी टेबल पर थी. कितनी बार सिखाया है इनको."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बाहेर आल्यावर मात्र मराठीत आल्या. "रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत गं माझी. तुझं काय, एक वर्ष जाईल फक्त."

आईनं मुलगी कबूल केली तर प्रकरण मिटेल आणि केसही धरू, असं मेट्रन मॅडमनी मला सांगितलं. नाहीतर पोलीस, मग डीएनए. रिपोर्ट यायला महिना-दीड महिना, आणि तोवर मी घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमलेशच्या खाटेपाशी गेले. सासू तिला स्वतःच्या हातानं डिंकाचा लाडू भरवत होती. ती पाणी आणायला गेली तशी कमलेशनं पोरीला पदराखाली घेतलं आणि पाजायला लागली.

"दीदी, मैंने देखा था," ती हळूच म्हणाली. "छोरी ही है."

"तो बोलती क्यों नहीं? मेरा साल चला जाएगा."

"पिछली बार तीसरे दिन चूल्हे पर बिठा दिया था. अब देखो, अपने हाथ से खिला रही है. रिपोर्ट आने तक मैं छोरे की माँ हूँ. एक महीना, दीदी."

सुईणीपासून पोट लपत नाही म्हणतात. हिनं तर काही लपवलंच नव्हतं, विश्वासानं सगळं माझ्यापुढे मांडलं होतं. मागत होती फक्त एक महिना. मी जिना उतरताना प्रभा सिस्टरच्या भाकरीचा विचार करत होते. जिनं आपली म्हटलं तिनं मला वाऱ्यावर सोडलं, मग मीच का कुणाचं राखायचं? वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी. अर्ध्या तासाच्या आत मेट्रन मॅडमना सगळं सांगून टाकलं.

त्या तडक वॉर्डात आल्या. बरोबर डॉक्टर, प्रभा सिस्टर, आणि दारातून आत घेतलेली सासू.

"प्रोसीजर पूरी करो," मॅडम मला म्हणाल्या. "जिसने डिलिवरी की है, वही पूछेगी."

मी पोरीला उचललं. दुपटं सोडलं. सगळ्यांच्या देखत तिला तिच्या आईसमोर धरलं आणि विचारलं, "क्या हुआ है, बोलो."

कमलेश बाळाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"छोरी," ती म्हणाली.

अंगठा यावेळी स्वच्छ उठला. प्रभा सिस्टरांनी साक्षीची सही केली आणि लगेच माझं केसबुक मागून त्यातही केली. सासूनं लाडवांचा डबा बंद केला, पिशवीत घातला, खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या आणि चालती झाली. डिस्चार्जच्या दिवसापर्यंत त्या घरचं कोणीही फिरकलं नाही.

मी दुपटं पुन्हा गुंडाळत होते. 

"दीदी," ती म्हणाली, "आपका साल तो बच गया न?"

टोमणा असता तर मला सोसला असता. पण ती खरंच विचारत होती. मी हो म्हणाले आणि मुलगी तिच्या हातात दिली.