बुडाचा कागद

मधमाश्यांच्या पेटीखालचा कागद दर आठ दिवसांनी ओढून बघ, असं कृष्णामावशीनं तीनदा बजावलं होतं. सईनं तो ओढला बाविसाव्या दिवशी.

मधले दिवस इराच्या तापात गेले होते. सव्वा वर्षाच्या लेकीपुढे माश्यांकडे कोण बघतंय? पण आज अंगणात आखूड पंखांच्या माश्या मुंग्यांसारख्या सरपटत होत्या. खोबरेल लावलेल्या कागदावर तांबूस ठिपके होते, खसखशीएवढे. धूळ म्हणून सईनं फुंकर मारली. एका ठिपक्यानं पाय हलवले.

इराला कडेवर घेऊन ती दोन घरं पलीकडे मावशीकडे पळाली. ही पेटी मावशीनंच दिलेली. मावशी मूळची करंजा बंदरातली, सत्तरीची बाई. नवरा समुद्रात बुडून गेल्यावर सुकापूरला भावाकडे आली आणि एका शिबिरात माश्या पाळायला शिकली. कमरेला चाकू खोचून ती आली.

"पोर लांब ठेव, बाय."

तोंडावर जाळीसुद्धा न घेता तिनं पेटी उघडली, चौकट उचलली आणि पोळ्यावरून बोटं फिरवली. इराचा ताप बघताना सईचा हात असाच फिरायचा.

"ही उंच टोपीची घरं हाताला लागतात ना, त्यात नर माश्यांची पिल्लं. किडा तिथंच वाढतो. तेवढंच कापायचं. राणीला धक्का नाय लावायचा."

"मी बघायला हवं होतं, मावशी."

"पोरीला दिसातून शंभरदा बघतेस. त्यातली एक नजर हिकडं टाक. पोरगी काय झिजणार नाय."

कापलेला तुकडा उकळत्या पाण्यात गेला. चौकटींच्या पट्ट्यांवर गंधकाची चिमूट पडली. एकही माशी मावशीला चावली नाही.

मग दर आठ दिवसांनी मावशी यायची, पायरीवर बसायची. सई कागद ओढून ठिपके मोजायची.

"किती?"

"साठ."

पुढल्या खेपेला अठ्ठावीस. मग चार.

"जगल्या," मावशी म्हणाली.

त्या रविवारी सई खिरीचा डबा घेऊन तिच्याकडे गेली. मागे शेवग्याखाली मावशीच्या तीन पेट्या. हाताच्या सवयीनं तिनं पहिलीचा कागद ओढला. कागद ठिपक्यांनी तांबडा झाला होता.

"मावशी, हा कधी बघितलात?"

"कालच की. साफ हाय ना? म्हनून चौकटी उपसल्या नाय."

मावशीनं कागद हातात घेतला. लांब धरला, तिरपा केला, मग अगदी नाकाशी आणला.

"साफच हाय," ती म्हणाली, पण जरा थांबून.

सईच्या पायरीवर बसून तिनं कागद कधी हातात घेतला नव्हता. दरवेळी फक्त विचारलं होतं, किती.

"चाकू कुठंय, मावशी?"

मावशीनं कमरेचा चाकू काढून तिच्या हातात दिला. मग चौकट उचलली, पोळ्यावर बोटं ठेवली.

"कुठं कापायचं ते मी सांगते. तू मोज."

तीनपैकी दोन पेट्या वाचल्या. पुढल्या वर्षी सईच्या नवऱ्याची तळोज्याहून पुण्याला बदली झाली आणि सईचं घर तिकडं हललं.

पनवेलकडे निघालेल्या प्रत्येकाला सई गाठते, तशी तुम्हालाही गाठते आहे. सुकापूरला गेलात तर शेवग्याचं घर विचारा. "साफ हाय" असं मावशी म्हणेलच, त्यावर जाऊ नका. पेटीखालचा कागद ओढा, आणि किती ते मोठ्यानं सांगा.