खुंट्यांवर सगळे हजर

मी एक जुनं नारिंगी जाकीट आहे, मित्रांनो. गोड बोलणारं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. के. आर. पुरमच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला शिवलं, पाठीवर एकेचाळीस हा आकडा छापला आणि होसकोट्याजवळच्या एका गोदामाच्या फाटकाशी खुंटीवर अडकवलं. गोठवलेल्या भाज्या आणि आइस्क्रीम इथून साऱ्या बंगळुरूला जातं.

गोदामात कंपनीची माणसं निळ्या जाकिटात असतात आणि एजन्सीची नारिंगी. निळ्यांना कँटीनमध्ये खुर्च्या, नारिंग्यांना जिन्याखालची फरशी. निळ्यांना नावं असतात. मला घालणारीला मात्र 'ए एकेचाळीस' अशी हाक. आधी ओडिशाची एक होती, मग बिहारची एक, मग आणखी कोणी कोणी. सणासुदीचा हंगाम संपला की घरी. गरज सरो, वैद्य मरो! घाम तेवढा प्रत्येकीचा माझ्यात मुरला. कौतुक माझंही झालं, नाही असं नाही. पाहुणे यायचे, "कपडे किती व्यवस्थित!" म्हणायचे. आत उभ्या असलेल्या बाईकडे कुणी बघायचं नाही.

यंदा मी उल्काच्या अंगावर आलो. ती नागपूरकडची. तिला आणलं एजन्सीच्या मल्हाररावांनी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, पण घरात मराठीच. फोनवर त्यांनी तिच्या आईला सांगितलं होतं, "आपल्याच माणसांत येतीय की ती, अक्का. काळजी करायची नाही." ती इथं उतरली त्या दिवसापासून त्यांनी तिला एकदाही नावानं हाक मारली नाही. मला हा माणूस आवडत नाही, लपवायचं कशाला?

शिफ्ट सुटली की मल्हारराव माणसं मोजत नाहीत, खुंट्यांवरची जाकिटं मोजतात. जाकीट हरवलं तर कंपनी एजन्सीवर डाफरते. माणूस हरवलं तर दुसरं आणता येतं. खुंट्या भरल्या म्हणजे सगळे बाहेर पडले, असं ते समजतात आणि कुलपं लावायला सांगतात.

पण जाकिटं जमा करायची रांग लांब, आणि घरी सोडणारी एजन्सीची गाडी कुणासाठी थांबत नाही. म्हणून बायकांनी आपसात सोय केली होती. एकीनं शेवटची ट्रॉली शीतघरात लावायची, दुसरीनं दोघींची जाकिटं घेऊन रांग धरायची. उल्काची जोडीदारीण होती बिदरकडची शिवलीला.

त्या संध्याकाळी उल्कानं मला काढून शिवलीलाच्या हातात दिलं. "ताई, माझंही जमा करून दे ना. दोन खोकीच राहिली, आलीच मी." ती शीतघरात गेली. शिवलीलानं मला खुंटीवर अडकवलं. मल्हाररावांनी बोटानं जाकिटं मोजली, मान हलवली, आणि रखवालदारानं शीतघराला बाहेरून अडसर घातला. आतून उघडायची कडी कधीचीच मोडलेली होती.

मला सगळं दिसत होतं, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवसाइतकी चीड मला कधी आली नाही.

गाडीत उल्का दिसेना, तशी शिवलीला धावत मल्हाररावांकडे परत आली.

"अण्णा, उल्का आत राहिलीय. उघडा बेगी."

"कोण उल्का?"

"एकेचाळीस हो!"

मल्हाररावांनी माझ्याकडे बोट केलं. "एकेचाळीस हे काय इथं. जाकीट आलं म्हणजे बाई गेली. सरी, बरं, चल आता, गाडी जाईल."

"ती मरंल आत, अण्णा!"

"स्वल्प तोंड सांभाळ. उद्यापासून येऊ नको म्हणेन."

ते पाठ फिरवून गाडीकडे निघाले. शिवलीलानं मला खुंटीवरून ओढलं, चुरगाळलं आणि कुडत्याखाली पोटाशी खुपसलं. मग ती घसा फोडून ओरडली, "अण्णा, एक जाकीट कमी आहे!"

आता बघा मजा. मल्हारराव पळत मागे आले. फोन झाले, दिवे लागले, कुलपं निघाली. पॅकिंगचा हॉल झाला, संडास झाले, जिन्याखालची फरशी झाली. निळी माणसंसुद्धा खाली वाकून शोधायला लागली. शिवलीला दर वेळी म्हणत होती, "शीतघर बघा, शीतघर!" शेवटी तो अडसर निघाला.

उल्का दाराशीच पडली होती. नखं काळीनिळी झालेली, ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता. शिवलीलानं तिला ओढून बाहेर घेतलं आणि तिचे तळवे चोळायला लागली. मल्हारराव तिच्यावर वाकले. आता तरी हा माणूस तिचं नाव घेईल, असं मला वाटलं.

"जाकीट कुठं टाकलंस?" त्यांनी विचारलं.

शिवलीलानं मला बाहेर काढलं आणि त्यांच्या तोंडावर फेकलं. "घ्या. मोजा."

उल्का वाचली. दोघींना मात्र दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठवलं. कारण काय, तर जाकीट चोरलं! मला धुतलं, उसवलेली शिवण घातली आणि पुन्हा खुंटीवर लावलं. हल्ली मला एक नवीन मुलगी घालते. तिचं नाव अजून कुणी विचारलेलं नाही.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी हात जोडून म्हणतो की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपणारे पुष्कळ आहेत. तुमच्या हाती कधी किल्ल्या आल्या, तर दार लावण्याआधी आत जा, प्रत्येकीला तिच्या नावानं हाक मारा, आणि ओ येईपर्यंत कुलपाला हात लावू नका.