गर्दीतली पिवळी

“नाही,” मार्गित म्हणाली. “हिला निळी करून टाकलीय.”

“कुणाला?”

“हिला गं. पुलावरच्या गर्दीतली ही. पिवळी होती ही.”

डॉटने टॅबलेट नाकाशी नेला, मग हातभर लांब धरला आणि पुन्हा जवळ आणला. पडद्यावर पोलादी बगळा नावाचा वीर आपले पंख पसरून कोसळत्या पुलाला खांदा देत होता आणि त्याच्या खालून पन्नाससाठ माणसं जीव मुठीत धरून पळत होती. सगळी एकजात निळी.

“अगं, गर्दी निळीच असायची की! आपण काय प्रत्येकाला वेगळा कोट शिवत बसत होतो?”

“ही नव्हती निळी,” मार्गित म्हणाली आणि तिने खसखशीच्या रोलचा उरलेला तुकडा बशीत परत ठेवला.

जानेवारीतला रविवार होता. खाडीवरून आलेल्या धुक्यात ब्रिजपोर्ट गावातल्या बंद पडलेल्या कारखान्यांची धुराडी नाहीशी झाली होती, आणि खिडकीबाहेर काही नव्हतंच म्हटलं तरी चाललं असतं. म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत मार्गित केरेकेश चौथ्या मजल्यावर राहायची आणि डॉट पेलेग्रिनो तिसऱ्या. डॉटने दिवाळखोर नवऱ्यांपासून कुत्र्यांपर्यंत सगळे शौक करून झाल्यावर आता ‘केपलँड’ची वर्गणी भरली होती. केपलँड म्हणजे फक्त सुपरहिरोंची वाहिनी. नव्याजुन्या मालिका बघा, वर वीस हजार जुनी कॉमिक्स पडद्यावर वाचा.

“या वयात देखणे पुरुष घरपोच येतायत,” डॉट म्हणायची, “मी कशाला दार लावून घेऊ?”

मालिका ती एकटी बघायची. रविवारी मात्र बडीशेपेची बिस्किटं आणि टॅबलेट घेऊन वर यायची. आज बोटाने पानं सरकवता सरकवता तिला एकोणसत्तर सालचा एक अंक दिसला होता आणि ती ओरडली होती, “मार्गी, हे तर आपण केलेलं!”

खरंच त्यांनी केलेलं होतं. तेवीस वर्षं दोघी एका लांबलचक खोलीत शेजारशेजारच्या टेबलांवर बसून कॉमिक्स रंगवत होत्या. रंगवत होत्या म्हणजे कशा, ते सांगायला हवं, कारण त्या खोलीत रंग असा नव्हताच. न्यूयॉर्कहून पानं यायची, त्यांवर चित्रातल्या प्रत्येक तुकड्याला आकडे घातलेले असायचे. बायका एकेका पानासाठी नऊ पारदर्शक तक्ते घ्यायच्या. पिवळ्याचे तीन, तांबड्याचे तीन, निळ्याचे तीन. पाव, अर्धा आणि पूर्ण. ज्या तुकड्यात जो रंग हवा, त्या तक्त्यावर तेवढी जागा लेपून काढायची. आणि लेप कसला, तर नऊच्या नऊ तक्त्यांना एकच, विटकरी, चिखलासारखा. खरे रंग पुढे छापखान्यात उमटायचे. अमेरिकेतल्या झाडून सगळ्या पोरांना वेड लावणाऱ्या त्या झगमगीत झग्यांच्या मागे चिखलाने बरबटलेल्या बोटांच्या बाराचौदा बायका होत्या, आणि त्यांचं नाव कुठल्याही अंकात कधी छापलं गेलं नाही.

मार्गितला मात्र ते चिखलातले रंग दिसायचे. ती डोळे अर्धवट मिटून बसायची आणि विटकरी लेपातून तिच्यापुढे आकाश उजळायचं. संध्याकाळी बसने घरी जाताना तिला खऱ्या आकाशातही आकडे दिसायचे. तांबडा पाव, निळा अर्धा. नवरा होता तोवर तो चिडवायचा, की हिला रंग दाखवला की ही बेरीज करते.

गर्दीचा मात्र ठरलेला हिशेब होता. गर्दी म्हणजे निळा अर्धा. एकच तक्ता घ्यायचा, सगळ्या माणसांवरून कुंचला फिरवायचा, की दहा मिनिटांत मोकळं. बगळ्याच्या पंखांवर दोन तास घालवले तरी चालायचे, खाली पळणाऱ्या माणसांवर वेळ घालवायची चाल नव्हती. मार्गित ती चाल मोडायची. गर्दीतल्या एखाद्या डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईशी आली की ती निळ्या तक्त्यावर रुमालाएवढी जागा कोरी सोडायची, आणि मग पिवळ्याचा पूर्ण तक्ता ओढून त्यावर तेवढाच ठिपका द्यायची. मोहरीच्या दाण्याएवढा. मुकादमीणबाईंनी तिला दोनदा पकडलं, “तुझा हात सुटतो” म्हणून झापलं, आणि मग नाद सोडला, कारण झग्यांच्या कडा मार्गितइतक्या स्वच्छ दुसऱ्या कुणाला जमत नव्हत्या.

शेजारी बसून डॉट हे तेवीस वर्षं बघत होती. एवढी भोचक बाई, शेजारणीच्या गळ्यातला मणी नवा असला तरी जिला चैन पडत नसे, तिनेही याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

विचारलं असतं तर मार्गितने सांगितलं असतं की नाही, देव जाणे. छप्पन्न साली, ती सतरा वर्षांची असताना, रशियन रणगाडे शहरात शिरल्यावर हंगेरीतून माणसांचे लोंढे ऑस्ट्रियाच्या सरहद्दीकडे निघाले होते. आईने मार्गितबरोबर धाकट्या बहिणीला, एर्झीला दिलं. अकरा वर्षांची पोर. दलदलीवर पहाटेचं धुकं दाट असतं, एकमेकी दिसायला हव्यात, म्हणून आईने एर्झीच्या डोक्याला आपला पिवळा रुमाल बांधला. वाट एका माणसापुरतीच, एकामागे एक. मार्गित पुढे, एर्झी मागे. मार्गितने दोनदा वळून पाहिलं, दोन्ही वेळा धुक्यात पिवळं दिसलं. मग वाटाड्या खेकसला की मागे बघणारे चिखलात जातात. तिसऱ्यांदा ती वळली नाही. पलीकडे पोचल्यावर मागे कुणीच नव्हतं.

आईचं पहिलं पत्र न्यू जर्सीतल्या निर्वासितांच्या छावणीत आलं. ‘एर्झीला वारा सोसत नाही, रुमाल बांधत जा,’ असं त्यात लिहिलं होतं. उत्तर लिहायला मार्गितला तीन महिने लागले. एर्झीचा फोटो तिच्याकडे नव्हता, आईकडचेही पुढे हरवले. जगाच्या पाठीवर एर्झी उरली होती ती त्या मोहरीएवढ्या ठिपक्यांत. औषधाच्या दुकानात कॉमिक्सची फिरती मांडणी असायची, तिथे उभं राहून मार्गित अंक उघडायची, गर्दी शोधायची, ठिपका बघायची आणि अंक जागेवर ठेवून द्यायची. बगळ्याचं पुढे काय झालं ते तिने कधीच वाचलं नाही.

आणि आता संगणकावर रंग नव्याने भरताना कुणा शहाण्याने ती पुसली होती.

“थांब, मी यांची खोडच मोडते,” डॉट म्हणाली. केपलँडवर वाचकांच्या गप्पांचा एक कट्टा होता. एका बोटाने, मध्येमध्ये शिव्या घालत, तिने तिथे लिहिलं: पुलाच्या अंकात गर्दीतल्या बाईचा रुमाल पिवळा होता. तो माझ्या मैत्रिणीने रंगवलाय. तुम्ही कोण ती निळी करणारे?

मार्गित म्हणाली, “जाऊ दे गं. कोण वाचतंय.”

सोमवारी सकाळी डॉट वर आली ती लिफ्टची वाट न बघता, जिन्याने, धापा टाकत. “मार्गी, बस खाली. तुझी पिवळी प्रसिद्ध आहे!”

“काय?”

“चारशे माणसं बोलतायत तिच्यावर! वर्षानुवर्षं! टोलेडोचा एक बस ड्रायव्हर आहे, त्याच्याकडे जुने अंक आहेत, त्यानं मोजलीय तिला. एक्केचाळीस अंकांत आहे म्हणे. ऐक, ऐक. हा म्हणतो, ती दुसऱ्या ग्रहावरची पहारेकरीण आहे. हा म्हणतो, ती बगळ्याची आई. आणि हा मेला म्हणतो, संकटं तीच आणते!” डॉट हसता हसता खोकायला लागली. “आणि हे बघ, कुणीतरी बाई लिहितेय. ‘पिवळी मरत नाही. पूर येवो, पूल पडो, पुढच्या महिन्यात ती पुन्हा गर्दीत असतेच.’”

मार्गितने ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. डॉटने वाचलं. मग मार्गित स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

त्या दुपारी खुर्चीतच तिचा डोळा लागला. दलदलीवर बगळा उतरला होता. पोलादी पंखांवर दव जमलं होतं आणि तो एकेकाला उचलून पलीकडे ठेवत होता, घाई न करता, जणू दिवसभर त्याला तेवढंच काम होतं. मार्गित त्याला सांगायचा प्रयत्न करत होती, की मागे एक आहे, लहान आहे. तो मान डोलवायचा आणि पुन्हा भलत्यालाच उचलायचा. तिला जाग आली तेव्हा धुकं काचेला टेकलं होतं.

आठवड्याने कॅलिफोर्नियाहून फोन आला. केपलँडच्या कॉमिक्स विभागातली मुलगी होती, कॅरिस ओडम नावाची. डॉटने टॅबलेट उशीला टेकवून उभा केला. अर्ध्या पडद्यावर कॅरिसचा चेहरा आला, अर्ध्यावर पुलाचं पान. पानावर इकडे बोट टेकवलं की तिकडे खूण दिसायची.

“मिसेस केरेकेश, चूक आमची आहे,” ती म्हणाली. “जुन्या छपाईत रंग सांडलाय असं समजून आमच्या माणसांनी ते ठिपके काढले. मला ते परत घालायचेत. पण महिनाअखेर केपलँड एका मोठ्या वाहिनीत मिसळतंय. त्यानंतर पानं जशी असतील तशीच राहतील, मग कुणाला हात लावता येणार नाही. तुम्ही सांगाल का, कुठे कुठे होती ती?”

“मला अंकांची नावं येत नाहीत, पोरी. मी गोष्टी वाचल्याच नाहीत.”

“नुसतं बोट दाखवा. ड्रायव्हरकाकांनी त्यांच्या पानांचे फोटो पाठवलेत, पण बरीच विटलीयत.”

“ती दाखवेल,” डॉट मध्येच म्हणाली. “तिला सकाळी गोळी घेतली का ते आठवत नाही, पण हे आठवतं.”

आणि खरोखर तसंच झालं. जळत्या नाट्यगृहाचा दरवाजा, उलटलेली आगगाडी, राक्षसी खेकड्यापासून पळणारं बंदर. कॅरिस पान उघडायची आणि मार्गितचं बोट निळ्या घोळक्यावरून सरकत एका डोक्यापाशी थांबायचं. “ही.” पलीकडे कॅरिस काहीतरी दाबायची आणि ठिपका पिवळा व्हायचा. पहिल्याच वेळी तो जरा लिंबासारखा झाला.

“निळा राहिलाय त्यात,” मार्गित म्हणाली. “निळा काढ. पिवळा पूर्ण, बाकी काही नको.”

“बाप रे,” कॅरिस म्हणाली. “पाच टक्के होता. तुम्हाला दिसला?”

डॉट ऐटीत हसली, जणू दिसला तो तिलाच.

तिसऱ्या दिवशी अडतिसावं पान आलं. धरण फुटलं होतं आणि माणसं टेकडीच्या अरुंद वाटेने एकामागे एक वर चढत होती. आकाशात बगळा दूर कुठेतरी, चिमणीएवढा.

“इथे अडचण आहे,” कॅरिस म्हणाली. “काकांच्या पानावर नेमका पाण्याचा डाग पडलाय. आणि रुमालवाल्या दोघी आहेत. एक पुढे, एक तिच्या मागे. यातली कोणती?”

मार्गितचं बोट दोघींच्या मध्येच अडलं. डॉटने तिच्याकडे पाहिलं. खोलीतला हीटर तेवढा कुरकुरत होता.

“मागची,” शेवटी ती म्हणाली. “हात पुढे केलाय ना, ती.”

“आणि पुढची? तिला काही वेगळा रंग होता का?”

“ती मी आहे. तिला निळीच ठेव.”

कॅरिसला काय समजलं आणि काय नाही, कोण जाणे. तिने विचारलं नाही. ठिपका पिवळा झाला. लखलखीत, पूर्ण, निळ्या माणसांच्या रांगेत एकटाच.

डॉट एवढा वेळ बिस्किट हातात धरून बसली होती. “मार्गी,” ती हळूच म्हणाली, “नाव काय गं तिचं?”

“एर्झी,” मार्गित म्हणाली. छप्पन्न सालानंतर या देशात तिने ते नाव मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं, म्हणून की काय, ते तिला पुन्हा एकदा म्हणावंसं वाटलं. “एर्झी. माझी धाकटी.”

डॉटने खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली.

“अजून तीन पानं आहेत, मिसेस केरेकेश,” कॅरिस पलीकडून म्हणाली. “पुढचं उघडू?”

“थांब जरा,” मार्गित म्हणाली. “मला बघू दे.”

आणि ती बघत राहिली.