‘माहीत नाही’ला जागा नाही

पुढच्या वर्षी महागाई किती टक्क्यांनी वाढेल, असं पिपरी मेघेत दारोदार विचारत फिरायचं, हे वर्षालीचं काम. लोक काय अंदाज बांधतात ते म्हणे व्याजदर ठरवणाऱ्या साहेबांना कळायला पाहिजे. एजन्सी खाजगी, काम कंत्राटी. ही फेरी पास झाली तर कंत्राट वाढणार; नाही तर अर्थशास्त्राची एम.ए. कवटाळून पुन्हा भावजयीच्या तोंडाकडे बघत घरात बसायचं.

डॉक्टरांच्या कॉलनीत उत्तरं पटापट मिळाली. कोणी चार म्हणालं, कोणी पाच. मागच्या गल्लीत मात्र भागाबाई धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "मले का माईत, बाई? हाताले काम राहीन का नाई, तेच कोनी सांगत नाई. महागाईचं कुठून सांगू?"

टॅबवर 'माहीत नाही'ला जागाच नव्हती. आकडा टाकल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडायचा नाही.

"काकू, एखादा आकडा त सांगा."

"तुले जो पायजे तो लिव. शिकेल पोरगी हायेस."

सगळी गल्ली हेच बोलली. वर्षालीनं सगळ्यांपुढं दहा ठोकला अन् मोकळी झाली.

सोमवारी ऑफिसात एजन्सीच्या सुपरवायझरनं, धीरज सरांनी, तिच्यासमोरच भागाबाईला तपासणीचा फोन लावला. स्पीकरवर.

"मावशी, महागाई किती वाढेल म्हणून सांगितलं होतं?"

"आमच्या वर्षालीनं जे लिवलं ना साहेब, तेच! भल्ली गुनाची पोरगी हाय. तिले काढू नका."

धीरजनं फोन ठेवला. "पढवून ठेवलंस लोकांना?"

"पढवलं नाही, सर. त्यांना खरंच माहीत नाही. ते लिहायची सोय कुठं ठेवली तुम्ही?"

"अनिश्चितता मोजायला वर मॉडेल बसलंय. तू फक्त आकडा आणायचा."

त्यानं तिचं लॉगिन बंद करून टाकलं.

"अन् गल्लीचं काय?"

"कॉम्प्युटर भरून घेतो. जवळपासच्या घरांवरून."

जवळपासची घरं म्हणजे डॉक्टरांची. ज्या मॅडमनं भागाबाईला भांडी घासायच्या पगारात कधी शंभर रुपये वाढवून दिले नाहीत, तिचं उत्तर आता फुकटात भागाबाईच्या नावावर चढणार होतं.

जिन्यातच भागाबाईचा फोन आला. "बराबर बोलली ना मी, पोरी? पक्की झाली का तुही नौकरी?"

"गेली. तुमच्यानंच गेली," वर्षाली फाडकन बोलून बसली.

मग भागाबाई हळूच म्हणाली, "मंग लावू का मी साहेबाले फोन? कोनता आकडा सांगू?"