सिंकखालचा साप

मुठीबाबाची पहिली मूठ पोटात बसली तेव्हा टेबलावरच्या माणसाच्या तोंडून आवाजही फुटला नाही. दुसरीला तो किंचाळला, तिसरीला ओकला, आणि टायरच्या त्या जुन्या गोदामात दाटीवाटीने उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एकजण मार खातोय आणि बाकीचे टाळ्या पिटतायत. इथे याला उपचार म्हणत.

"धरा, घट्ट धरा! साप जागा झालाय!" बाबा ओरडला. उघडं अंग, मनगटांना चामड्याचे पट्टे, छातीवरून घामाचे ओघळ. "मूळव्याध, भगंदर, चीर, बद्धकोष्ठ! रोग चार, साप एक! डॉक्टर शेपूट कापतो, मी फणा काढतो!"

टेबलावर शिंपी होता आणि त्याचे खांदे दाबून धरले होते मुकादमाने. इमारती पाडणाऱ्या टोळीचा हा मुकादम. त्याने घण उचलला की बाकीचे चार पावलं मागे सरत. असा माणूस बाबाला आयताच मिळाला होता. शिंप्याचे पाय झाडत होते, टाचा टेबलावर आपटत होत्या, पण मुकादमाच्या पंज्यातून सुटायची कोणाची टाप?

आणखी दोन मुठी बसल्या. मग शिंप्याला उचलून पडद्यामागच्या मोरीत नेलं. थोड्या वेळाने बाबाचा चेला ताट घेऊन बाहेर आला. ताटात हातभर लांबीचं, काळपट, वळ्यावळ्यांचं, रबरासारखं काहीतरी पडलं होतं. बायकांनी डोळ्यांवर हात घेतले आणि बोटांच्या फटीतून पाहिलं. चेल्याने तो साप चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत सोडला आणि बरणी फळीवर ठेवली. फळीवर अशा बरण्यांची रांगच होती.

"विश्वास नाही? मग याला विचारा!" बाबाने मुकादमाला पुढे ओढलं. "रक्ताने भिजून आला होता हा पहाड. सांग रे, आता कसा आहेस?"

"खडखडीत बरा," मुकादम म्हणाला.

बोलता बोलता त्याला आतल्या कपड्यात ओल जाणवली. त्याने पाय जुळवून घेतले. रक्त आजही पडत होतं, पहिल्यापेक्षा जास्तच. पण एवढ्या लोकांसमोर काय सांगणार? गुडघा दुखत असेल तर माणूस चारचौघांत गुडघा दाखवतो, दात दुखला तर जबडा उघडतो. हे दुखणं मात्र बायकोलाही सांगायचं नाही. एकदा बरा झालो म्हटलं की पुन्हा कोणी विचारत नाही, आणि विचारलं नाही की खोटं पकडलं जात नाही. मुठीबाबाने धंदा निवडताना डोकं चालवलं होतं, हे मान्य करायलाच हवं.

मुकादमाने बाबाला एकट्याला गाठून हळूच सांगितलं होतं. बाबाचा चेहराही हलला नाही. "मोठा गेला, पिल्लं राहिली. पुन्हा पूड घे. तीन दिवस तिचा काढा पी, आणि वरून पाण्याचा थेंब नको. पाणी प्यालास तर साप पोहत वर येईल. या वेळी मुठी दुप्पट."

दुप्पट मुठींची मुकादमाला भीती नव्हती. त्याला भीती होती ती शाळेत शिकवणाऱ्या आपल्या बायकोने शोधून काढलेल्या डॉक्टरीणबाईंची.

"आतड्यांच्या तज्ज्ञ आहेत त्या," बायकोने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. "रोज हेच बघतात. तुमचे कपडे मी धुते, मला काय कळत नाही? वजन किती उतरलंय बघा."

"एका बाईसमोर चड्डी काढून आडवा होऊ? ती तिथे बोट घालणार? मार खाईन, पण ते नाही."

"मार खायला लाज नाही वाटत?"

"मार पुरुष खातो," मुकादम म्हणाला होता, आणि विषय संपवला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा बायको सिंकसमोर बाह्या वर करून उभी होती. सिंक काठोकाठ तुंबलं होतं. गढूळ पाण्यावर सकाळचे कप तरंगत होते. ओट्यावरचा जग रिकामा होता.

"माझा काढा कुठाय?"

"सिंकमध्ये ओतला. सकाळीच."

मुकादमाने जग उचलून भिंतीवर आपटला. काच तिच्या पायांपर्यंत उडाली. त्याचा हात वर गेला. इतक्या वर्षांच्या संसारात तो कधी गेला नव्हता. तिने डोळे मिटले नाहीत, चेहरा वळवला नाही.

"मारा," ती म्हणाली. "बाबाने शिकवलेलंच दिसतंय."

हात तसाच खाली आला. दार धाडकन आदळून तो बाहेर पडला. त्याला स्वतःची भयंकर शरम वाटत होती, आणि शरम वाटली की रागच येतो अशी त्याच्यासारख्या माणसांची खोड असते. तो तडक गोदामात गेला, नवी पूड मागायला.

गोदाम तुडुंब भरलं होतं. बाबाने त्याला दारातच पकडलं आणि नेहमीच्या जागी उभं केलं. टेबलावर म्हातारा कंपाउंडर चढत होता, शर्टाची बटणं सोडत. मुकादमाने त्याचे खांदे धरले. हाडं हाताला लागली.

"थांबा!"

वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो. माणसं बाजूला झाली. मुकादमाची बायको पुढे आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, एका हातात सिंकखालचा वाकडा प्लास्टिकचा पाइप, दुसऱ्यात लाटणं. तो पाइप तिने टेबलावर ठेवला, एका टोकात लाटणं घातलं आणि दाबलं. दुसऱ्या टोकातून सावकाश, वळ्या घेत, काळपट, चकचकीत, रबरी साप बाहेर आला आणि कंपाउंडरच्या पायाशी पडला. पाइप जसा वाकडा, तसाच साप वाकडा.

"आमच्या सिंकला मूळव्याध झाली होती," ती म्हणाली.

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"बाबांची पूड आहे ही. घरी चाळून पाहिली मी. इसबगोल आणि भांडी घडवायची माती, वर थोडा काळा रंग. सकाळी ओतली, संध्याकाळपर्यंत फुगून घट्ट बसली. ज्या नळीत जाईल त्या नळीचा आकार घेते. आतडं म्हणजे तरी काय, नळीच की! तीन दिवस हे गिळलं, वर पाणी प्यायलं नाही, तर चौथ्या दिवशी हेच बाहेर पडणार. त्याला मुठी कशाला हव्यात? आणि नाही पडलं तर आतच अडकून माणूस मरेल."

गोदामात कुजबुज वाढली. बाबाच्या कपाळाची शीर फुगली, पण तो मुरलेला गडी होता.

"पाहिलंत? हिच्या घरात साप निघाला! नवरा बरा झाला तो हिला बघवत नाही! हिनेच करणी केली, हिनेच सोडला होता तो त्याच्या पोटात!"

लोकांना गोष्ट समजण्यापेक्षा कोणीतरी दोषी सापडणं जास्त आवडतं. "धरा तिला!" कोणीतरी ओरडलं. एका चेल्याने तिचे केस धरले, दुसऱ्याने चामड्याचा पट्टा काढला. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. मागून आलेल्या कोणीतरी तिला लाथ घातली आणि ती टेबलाच्या कडेवर आपटली. ओळखीची माणसं होती ती. त्यांची मुलं तिच्या वर्गात शिकत होती.

"सांग यांना!" बाबाने मुकादमाच्या पाठीवर थाप मारली. "सांग तू बरा आहेस, आणि हिचं तोंड एकदाचं बंद कर!"

मुकादमाने कंपाउंडरचे खांदे सोडले. पट्टा तिसऱ्यांदा वर गेला तो त्याने हवेतच पकडला आणि चेल्यासकट ओढून फळीवर फेकला. फळी कोसळली. बरण्या फुटल्या, काचा उडाल्या, घाण पाणी आणि सगळ्यांचे साप जमिनीवर पसरले, आणि गोदामात अशी दुर्गंधी सुटली की पुढची रांग मागच्या रांगेवर पडली. केस धरणाऱ्या चेल्याच्या तोंडावर मुकादमाचा गुद्दा बसला आणि दात खाली पडले.

तरी लोक पुढे येतच होते. किती जणांना मारणार? त्याच्या लक्षात आलं की आयुष्यभर ज्या हातांवर भिस्त ठेवली ते इथे पुरणार नाहीत. बोलावं लागेल. घरं पाडताना छप्पर अंगावर आलं तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

"मी बरा झालो नाही!" तो ओरडला.

लोक थबकले.

"खोटं बोललो. दर वेळी. मला खालून रक्त पडतंय, आजही पडलं, आत्ता पडतंय. साप निघाल्यावर जास्त पडतंय. बघायचंय?"

त्याने पाठ फिरवली. मळकट पँटवर गडद डाग पसरला होता.

मग भिंतीला टेकून बसलेला शिंपी पोट धरून उठला. "माझंही थांबलं नाही," तो खाली बघत म्हणाला. "उलट पोट दगड झालंय. कालपासून काहीच होत नाही."

"मलाही तसाच त्रास आहे," मागून एका बाईचा आवाज आला. आणखी एक. मग बोलणाऱ्यांना आवरणं कठीण झालं. बरा झालेला असा एकही माणूस त्या गोदामात निघाला नाही.

बाबा मागच्या दाराकडे सरकत होता. लोकांनी त्याला टेबलावर पाडलं, चौघांनी हातपाय धरले. मुकादमाने मूठ आवळली आणि त्या सुटलेल्या पोटावर उगारली. बाबा पोराटोरासारखा किंचाळला.

"सोडा त्याला," बायको म्हणाली. ती पदराने कपाळ दाबून उभी होती. "कशाला मारताय? त्याच्या पोटातही साप नाहीये. पोलिसांना बोलवा. आणि आधी शिंपीदादांना दवाखान्यात न्या."

शिंपी वाचला, पण थोडक्यात. त्याच्या आतड्यात ती पूड सिमेंटसारखी बसली होती. आणखी एक मूठ बसती तर आतडं फाटलं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाई साठीच्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या. मुकादम त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि त्याची बायको कपाळाला टाके घेऊन शेजारी.

"डाव्या कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी. श्वास सोडा," बाई म्हणाल्या.

मुकादमाने डोळे मिटून घेतले.

"उठा."

"झालं?"

"झालं. तुम्हाला काय वाटलं, मीपण मुठी मारते?"

मुकादमाला हसू आलं आणि रडूही. एवढ्यासाठी त्याने मार खाल्ला होता, माणसं धरून ठेवली होती, बायकोवर हात उगारला होता.

बाईंच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. "हाताला गाठ लागतेय. दुर्बिणीने बघू, तुकडा तपासायला पाठवू. मूळव्याधीचं रक्त आणि गाठीचं रक्त, बघून फरक कळत नाही, म्हणून तर तपासायचं असतं. मूळव्याध असली तर बहुतेकांचं मलमाने, खाण्यापिण्याने भागतं. इसबगोल तर मीही देते, भरपूर पाण्याबरोबर. तुमचं त्यावर भागायचं नाही. लवकर आला असतात तर काम सोपं होतं. अजून हाताबाहेर गेलेलं नाही, एवढंच."

तुकड्याचा अहवाल कॅन्सरचा आला. ऑपरेशन मोठं झालं. आतड्याचा एक भाग काढून टाकला, आणि गाठ पसरलेली नव्हती.

टोळीतले लोक त्याला भेटायला आले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. घण चालवणारी ती दांडगी माणसं खाटेभोवती अवघडून उभी राहिली, कोणी खिडकीकडे बघतंय, कोणी छताकडे.

"कसलं ऑपरेशन म्हणायचं, वहिनी?" एकाने विचारलं.

"पोटाचं," बायको सवयीने म्हणाली.

"पोटाचं नाही," मुकादम म्हणाला. आवाज क्षीण होता, पण कामावर हुकूम सोडतानाचाच. "गुदाशयाचं. खालून रक्त पडत होतं, कॅन्सर निघाला. मी लाजेपायी डॉक्टरकडे गेलो नाही आणि बाबाकडे गेलो. मेलो असतो. तुमच्यापैकी कोणाला शौचातून रक्त पडत असेल, सवय एकाएकी बदलली असेल, वजन उगाच उतरत असेल, तर बाबा शोधू नका, कोणाच्या ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, मलाही विचारू नका. तपासून घ्या."

इकडचं तिकडचं विचारून एकेकजण निघाला. सगळ्यात आडदांड होता तो मात्र रेंगाळला. बाकीचे जिन्यापर्यंत गेले तसा त्याने दरवाजा लोटून घेतला, खाटेजवळ आला आणि हळू आवाजात विचारलं, "मुकादम, तपासताना दुखतं का हो?"

"नाही रे," मुकादम म्हणाला. "नुसती लाज वाटते, तीही थोडा वेळ. डॉक्टरीणबाई खालच्या मजल्यावर बसतात. आत्ताच जा."